एका पासावर दोन देश



या मांडवात मी दर वर्षी येतो, परंतु बसतो तो आपल्या बाजूस, मागल्या रांगेत. व्यासपीठावरून बोलण्याचा प्रसंग माझ्यावर आज प्रथमच आला आहे. काल येथे उपनिषदांवर व्याख्यान झाले, उद्या ज्ञानेश्वरीवर व्हावयाचे आहे. त्या दोहोंच्या मध्ये एका सेवानिवृत्त बुकिंग क्लार्कने आगगाडीच्या पासावर बोलावे, हे चालकांना कसे सुचले ते त्यांनाच ठाऊक. पण मी चौतीस वर्षे तिकिटाच्या खिडकीमागे बसलो आहे. पुठ्ठ्याची तिकिटे होती तेव्हा त्यांच्यावर तारखेचा शिक्का हाणला, आणि संगणक आला तेव्हा त्याच्यापुढेही बसलो. माणूस विद्वान असो की अडाणी, खिडकीशी आला की एकच प्रश्न विचारतो : “हे तिकीट कोठवर चालेल?” आजचा माझा विषय एवढाच आहे. तिकीट कोठवर चालते, आणि माणूस कोठवर चालतो?

पास म्हणजे काय, हे आपल्याला सांगावयास नको. मुंबईचा चाकरमानी महिन्याचा पास काढतो. एकदा पैसे भरले की महिनाभर खिडकीचे तोंड पाहावयास नको. ठरलेल्या दोन स्टेशनांमध्ये कितीही वेळा जा, या. आता या कल्पनेला थोडे ताणा. दोन स्टेशनांऐवजी सबंध प्रांत घ्या, आणि महिन्याऐवजी एक दिवस घ्या. जर्मनीत प्रत्येक प्रांताचे असे एका दिवसाचे तिकीट निघते. दक्षिणेकडील बव्हेरिया प्रांताच्या तिकिटास बायर्न-तिकीट म्हणतात. एका तिकिटावर पाच माणसांपर्यंत जाता येते. पहिल्या माणसाचे पैसे अधिक, आणि पुढच्या प्रत्येक माणसामागे थोडीशी भर. मात्र प्रवाशांची नावे त्या तिकिटावर लिहावी लागतात. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊला लागू होते, शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी मध्यरात्रीपासून. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत त्याचा अंमल असतो. जलद आणि अतिजलद गाड्यांना ते चालत नाही. प्रांतात धावणाऱ्या, गावोगावी थांबणाऱ्या गाड्यांनाच चालते.

नऊ वाजताचा नियम वाचून माझ्यातला जुना क्लार्क खूश झाला. सकाळी गाड्या कचेरीला जाणाऱ्यांनी भरलेल्या असतात. त्या गर्दीत स्वस्त तिकिटाच्या हौशी माणसाने भर घालू नये. नऊनंतर डबे रिकामे धावतात, तेव्हा तुम्ही या, बसा. रिकामे बाक भाडे देत नाही. त्यावर थोडक्या पैशांत कोणी बसला तरी तो नफाच.

माझा भाचा म्युनिक शहरात इंजिनियर आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने मला आणि सौभाग्यवतींना महिन्याभरासाठी तिकडे नेले. एका बुधवारी तो म्हणाला, “मामा, उद्या साल्झबुर्गला जाऊ. मोझार्टचे गाव आहे.” मी नकाशा काढला. साल्झबुर्ग तर ऑस्ट्रियात! मी विचारले, “तिकीट?” तो म्हणाला, “बायर्न-तिकीट काढू, चौघांचे.” मला ते पटेना. बव्हेरियाचे तिकीट ऑस्ट्रियात कसे चालावे? मिरजेचा पास घेऊन कोणी हुबळीला उतरला, तर आमचा तिकीट तपासनीस त्याची आरती ओवाळीत नसे.

पण तिकिटाच्या नियमांत स्पष्ट लिहिले होते : हे तिकीट साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंत चालेल. तसेच ते कुफश्टाइन या दुसऱ्या ऑस्ट्रियन गावापर्यंतही चालते. कुफश्टाइनच्या पुढे इन्सब्रुकला जायचे झाले, तर मात्र पुढचे वेगळे तिकीट पाहिजे.

हे असे का? याचे उत्तर शोधताना मला जे उमगले, ते सांगण्यासाठी आज मी उभा आहे. आपण सरहद्द म्हणतो तेव्हा एकच रेघ डोळ्यांपुढे आणतो. वस्तुतः तेथे तीन रेघा असतात. एक राज्याची, म्हणजे नकाशावरची. दुसरी तिकिटाची, म्हणजे एका रेल्वेचा भाडेदर कोठे संपतो आणि दुसरीचा कोठे सुरू होतो ती. आणि तिसरी पोलिसाची, म्हणजे माणसाला थांबवून “कागद दाखवा” असे जेथे म्हटले जाते ती. या तीन रेघा एकमेकींवर बसल्याच पाहिजेत असे कोठे लिहिलेले नाही.

साल्झबुर्गचेच पाहा. म्युनिकहून गाडी निघते ती रोझेनहाइम, मग कीमझे नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठाने, ट्राउनश्टाइनवरून फ्रायलासिंगला येते. हे जर्मनीतले शेवटचे स्टेशन. तेथून झालाख नावाची नदी ओलांडली की ऑस्ट्रिया, आणि पाच-सात मिनिटांत साल्झबुर्ग. राज्याची रेघ त्या नदीत आहे. ती तेथे आली १८१६ मध्ये. त्यापूर्वी सहा वर्षे साल्झबुर्ग बव्हेरियाच्याच राज्यात होते. पुढे १८५१ मध्ये बव्हेरिया आणि ऑस्ट्रिया यांनी रेल्वेबद्दल तह केला, आणि १८६० मध्ये व्हिएन्नाकडून आलेला लोहमार्ग आणि म्युनिककडून आलेला लोहमार्ग साल्झबुर्गला एकमेकांना मिळाले. दोन्ही रेल्वे जेथे भेटतात ते स्टेशन दोघींचे सामाईक. म्हणून म्युनिककडच्या रेल्वेचा भाडेदर नदीत संपत नाही. तो साल्झबुर्गच्या फलाटावर संपतो, आणि ऑस्ट्रियाचा दर तेथेच सुरू होतो. नदीच्या मधोमध कोणी गाडी बदलत नाही. मग तिकीट तरी तेथे कशाला संपावे?

रूळ दोन्हीकडे एकाच मापाचे, एक मीटर ४३५ मिलिमीटरचे. विजेचा दाबही एक, पंधरा हजार व्होल्ट. १९१२ मध्ये प्रशिया, बव्हेरिया आणि बाडेन यांनी विजेच्या प्रवाहाबद्दल आपसांत करार केला, आणि ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड यांनीही तोच प्रवाह घेतला. त्यामुळे इंजिन न बदलता गाडी सरळ पलीकडे जाते. मिरजेत आम्ही एकेकाळी रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांच्या रुळांशी संसार केला आहे. एका वाघिणीतले पोते पाठीवर घेऊन हमाल दुसऱ्या वाघिणीत टाकीत, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. रुळाचे माप जुळणे म्हणजे काय, हे ज्याने ती पोती मोजली त्याला विचारावे.

याहून गंमतीचे उदाहरण बाझल शहराचे. बाझल स्वित्झर्लंडात आहे. पण त्या शहरात एक स्टेशन जर्मन रेल्वे चालवते, आणि शेजारच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग प्रांताचे दिवसाचे तिकीट त्या स्टेशनापर्यंत चालते. याच्या मुळाशी बाडेन आणि स्विस संघ यांच्यातला १८५२ चा तह आहे. बाडेनला आपला मार्ग ऱ्हाइन नदीच्या काठाने न्यावयाचा होता आणि वाटेत स्विस मुलूख येत होता. स्विसांनी सांगितले, न्या. त्याच मार्गावर पुढे शाफहाउझन हे स्विस गाव लागते. जर्मन गाडी त्यातून जाते आणि पुन्हा जर्मनीत शिरते.

परंतु या उदारपणालाही एक मर्यादा होती, ती ऐकण्यासारखी आहे. त्या वाटेने प्रवासी जावेत, माल जावा. सैन्य मात्र नेता येत नव्हते. तेव्हा जर्मन सेनापतींनी स्विस मुलूख टाळून, डोंगरातून वळणे घेत, बोगद्यात गाडीला चक्कर मारायला लावून दुसरा मार्ग बांधविला. तो १८९० मध्ये पुरा झाला. गवळणीला आणि व्यापाऱ्याला जो रस्ता सरळ होता, तो सैनिकाला नागमोडी घ्यावा लागला. मला तरी यात काही वाईट दिसत नाही.

परतफेडही आहे. ऑस्ट्रियाची व्हिएन्ना-इन्सब्रुक गाडी साल्झबुर्गहून निघाली की आपल्याच देशातल्या डोंगरवाटेने न जाता जर्मनीत शिरते, रोझेनहाइमवरून वळते आणि कुफश्टाइनला पुन्हा ऑस्ट्रियात येते, कारण ती वाट लवकरची. ऑस्ट्रियाने २०२१ च्या ऑक्टोबरात आपल्या सबंध देशाचा वर्षाचा पास काढला. तो या गाडीत चालतो. म्हणजे एकाचे तिकीट दुसऱ्याच्या अंगणातून जाते, आणि दुसऱ्याचे पहिल्याच्या. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

ही तिकिटाची रेघ झाली. आता तिसऱ्या रेघेची हकीकत सांगतो. तीत माझी फजिती आहे, तेव्हा आपल्याला ती अधिक आवडेल.

निघण्याच्या आदल्या रात्री मी पुष्कळ वाचन केले. लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी करार केला, १९९५ मध्ये तो अमलात आला, आणि जर्मनी-ऑस्ट्रिया सरहद्दीवरची तपासणी १९९८ मध्ये उठली. सगळे मला मुखोद्गत झाले. सकाळी निघताना सौभाग्यवती म्हणाल्या, “पासपोर्ट घ्यायचे ना?” मी म्हणालो, “छे! तेथे आता सरहद्द उरलेली नाही. उगाच हरवतील.” आणि मी त्यांना शेंगेनवर एक छोटेखानी व्याख्यान दिले. त्या काही बोलल्या नाहीत. भाचा बिचारा आपल्या बायकोबरोबर तिकिटावर नावे लिहीत होता; मामा रेल्वेतले, तेव्हा मामांना सगळे ठाऊक, अशी त्याची समजूत.

जाताना काहीच झाले नाही. गाडीने नदी ओलांडली तेव्हा मी घड्याळ पाहिले. नाका नाही, शिट्टी नाही, कोणी डब्यात चढले नाही. मी सौभाग्यवतींकडे विजयी मुद्रेने पाहिले. दिवसभर साल्झबुर्ग पाहिले, किल्ला चढलो. तेथील शहर-बसला आमचे तिकीट चालत नव्हते, म्हणून बहुतेक पायीच हिंडलो. संध्याकाळी परतीच्या गाडीत बसलो.

फ्रायलासिंगला गाडी थांबली, ती निघेना. डब्याच्या दोन्ही टोकांनी पोलीस चढले. प्रत्येकाला नम्रपणे म्हणत होते, “कागद.” मी रुबाबात आमचे तिकीट पुढे केले. त्या तरुण अधिकाऱ्याने ते पाहिलेही नाही. म्हणाला, “तिकीट नको. पासपोर्ट.”

बंधुभगिनींनो, चौतीस वर्षांत मी किती विनातिकीट प्रवाशांचे चेहरे पाहिले असतील! त्या दिवशी तो चेहरा माझ्याच गळ्यावर आला. माझ्याजवळ योग्य तिकीट होते. गाडी योग्य, वेळ योग्य, नाव लिहिलेले. आणि तरीही मी तेथे कोणीच नव्हतो. तेवढ्यात सौभाग्यवतींनी पिशवी उघडली. तीत धपाट्यांचा डबा, त्याखाली टॉवेल, आणि टॉवेलात गुंडाळलेले आम्हा दोघांचे पासपोर्ट! अधिकाऱ्याने व्हिसाचे पान पाहिले, मान लववली आणि पुढे गेला. सौभाग्यवती त्यानंतरही काही बोलल्या नाहीत. ते अधिक लागले.

पण गोष्ट येथे संपत नाही. आमच्या पलीकडच्या बाकांवर चार तरुण होते. त्यांच्याजवळही आमच्यासारखेच एक तिकीट होते, चौघांच्या नावांचे. तिघांनी कागद दाखवले. चौथा खिसे चाचपू लागला, बॅग उपसू लागला. अधिकाऱ्याने त्याला खाली यायला सांगितले. आवाज चढवला नाही, हात लावला नाही. तो उठला आणि उतरला. उरलेल्या तिघांनी क्षणभर एकमेकांकडे पाहिले. तिकीट एकाच्या हातात होते. मग तिघेही उठले, बॅगा घेतल्या आणि त्याच्या मागोमाग फलाटावर उतरले. गाडी सुटली. म्युनिक येईपर्यंत आमच्यापैकी कोणी त्या चार रिकाम्या जागांवर पाय पसरले नाहीत.

भाच्याने मग मला पुढचा इतिहास सांगितला, जो मी वाचला नव्हता. १३ सप्टेंबर २०१५ रोजी जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवर तपासणी पुन्हा सुरू केली. त्या दिवसांत सिरिया, अफगाणिस्तान, इराक येथून युद्धाने उठवलेली माणसे हजारोंनी साल्झबुर्ग स्टेशनात येऊन थांबली होती. काही काळ म्युनिककडच्या गाड्याच बंद ठेवाव्या लागल्या. तात्पुरती म्हणून आणलेली ती तपासणी सहा-सहा महिन्यांनी वाढवीत गेले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तर जर्मनीने ती आपल्या सर्व भू-सरहद्दींवर लावली. म्हणजे राज्याची रेघ नदीत, तिकिटाची रेघ साल्झबुर्गच्या फलाटावर, आणि पोलिसाची रेघ एकदा पुसलेली ती परतीच्या वाटेवर फ्रायलासिंगला पुन्हा ओढलेली. मी पहिल्या दोन रेघांचा अभ्यास केला आणि तिसरीवर अडखळलो.

आपल्याकडे या गोष्टी परक्या आहेत असे कोणी समजू नये. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाला कॅसलरॉकचे स्टेशन आठवत असेल. माझे वडील १९५५ पूर्वी मिरजेहून गोव्यास जात, ते लोंड्यावरून मीटरगेजच्या गाडीने. कॅसलरॉकला हिंदुस्थानची जकात, घाट उतरला की कुळें स्टेशनात पोर्तुगीजांची. ट्रंका उघडाव्या लागत, गाठोडी सोडावी लागत. वडील म्हणत, “रूळ एकच रे, पण आमची गाठोडी दोनदा सुटायची.” दोन्ही बाजूंस माणसे तीच, देव तेच, मासळीही तीच, मधली रेघ तेवढी लिस्बनहून ओढलेली. १९५५ च्या पंधरा ऑगस्टला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, आणि त्या ऑगस्टात गाडीही बंद पडली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा ती रेघ पुसली गेली. आज त्या घाटातून जाणाऱ्या पोराला तेथे काही होते, याचा पत्ताही नसतो.

उलट, काही रेघा गडद झाल्या. दिल्ली आणि लाहोर यांना जोडणारी समझौता एक्सप्रेस १९७६ मध्ये सुरू झाली, २०१९ मध्ये थांबली. कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस २००८ मध्ये सुरू झाली आणि २०२४ च्या जुलैत बंद पडली. रूळ मात्र जाग्यावर आहेत. याच काळात, एप्रिल २०२२ मध्ये, बिहारमधील जयनगरहून नेपाळातील जनकपूरकडे जाणारी गाडी पुन्हा सुरू झाली. तीत आपल्या माणसाला व्हिसा लागत नाही, ओळखीचा कागद पुरतो. लोखंड तिन्हीकडे सारखेच. फरक तहाचा.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आज तिकडे आहेत, आणि आपण त्यांच्याकडे जाणार आहात. त्यांच्यासाठी जुन्या क्लार्कचे चार शब्द. आजकाल जर्मनीत प्रांताच्या पासाबरोबर सबंध देशाचा महिन्याचा पासही मिळतो. २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने तो अवघ्या ९ युरोंना दिला, तेव्हा सुमारे सव्वापाच कोटी पास खपले. मे २०२३ मध्ये ४९ युरोंचा कायमचा पास आला; त्याची किंमत २०२५ मध्ये ५८ झाली आणि २०२६ मध्ये ६३. तोही साल्झबुर्ग, कुफश्टाइन आणि बाझलच्या त्या जर्मन स्टेशनापर्यंत चालतो. कोणताही पास घ्या, पण पलीकडे जाण्यापूर्वी चार प्रश्न विचारा : कोणत्या गाडीला चालतो? कोणत्या स्टेशनापर्यंत चालतो? किती वाजल्यापासून चालतो? कोणाच्या नावावर चालतो? हे चारही प्रश्न खिडकीवर सुटतात. पाचवा प्रश्न खिडकीवर सुटत नाही : मी स्वतः कोठवर चालतो? त्याचे उत्तर पासपोर्टात असते, आणि पासपोर्ट टॉवेलात का होईना, जवळ असावा लागतो.

शेवटी एकच सांगतो. तिकीट हा एक लहानसा तह आहे, असे मला आता वाटू लागले आहे. मोठे तह राजधानीत होतात, त्यांवर मंत्र्यांच्या सह्या असतात, आणि ते मोडतातही. हा लहान तह रोज सकाळी नऊ वाजता होतो. त्यावर चार माणसे आपली नावे लिहितात, आणि दोन देशांच्या रेल्वे तो मान्य करतात. १८५१ चे राजे गेले, दोन महायुद्धे झाली, राज्ये उलथली. रेल्वेचे भाडे मात्र आजही साल्झबुर्गच्या फलाटापर्यंत एकच आहे. ज्यांनी तो तह केला त्यांना आपल्या हातून केवढे काम होत आहे, हे ठाऊकही नसेल.

त्या तहाने माणसाला गाडीत बसायची जागा दिली. ती जागा कागदाविना अपुरी पडते, हे मी फ्रायलासिंगला पाहिले. पण चौथ्याला उतरवले तेव्हा उरलेले तिघे जागेवर बसून राहिले नाहीत, हेही मी तेथेच पाहिले. तिकिटावर चौघांची नावे होती. त्यांनी ती चौघांचीच ठेवली. चौतीस वर्षे मी तिकिटे विकली, पण तिकिटाचा एवढा अर्थ मला कोणी शिकवला नव्हता.

 आमच्या सौभाग्यवती समोर बसल्या आहेत. पिशवीत काय आहे, हे मी आता विचारीत नाही.